३१ पॉडकास्ट आणि ३ शिट्ट्या

मिरजेहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"मी ५२ वर्षांची गृहिणी. सकाळी दीड तास स्वयंपाकघरात जातो, दुपारी तासभर गोधडी शिवते, संध्याकाळी ३५ मिनिटं फिरायला जाते. अडीच महिन्यांपूर्वी पुण्याच्या मुलाने माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉडकास्टचं, म्हणजे हवं तेव्हा इंटरनेटवरून ऐकायच्या कार्यक्रमांचं, ॲप घालून दिलं आणि ३१ कार्यक्रमही निवडून दिले. आता २१४ भाग न ऐकलेले दिसतात. ६४ जीबीचा फोन भरला म्हणून सारखी सूचना येते. मुलगा म्हणतो, दीडपट वेगाने ऐक. तसं ऐकलं की धागा सुटतो. रात्री लावून झोपते, तर सकाळी चार भाग वाजून गेलेले असतात. कानात इयरफोन असले की कुकरच्या शिट्ट्या चुकतात, परवा डाळ करपली. मराठीत शोधलं की 'यशस्वी कसे व्हाल' छापाचंच पुढे येतं. मला झाडं, जुन्या काळच्या हकिकती, खाण्यापिण्याचा इतिहास हवा आहे. रोज वहीत पानभर काहीबाही लिहायची सवय आहे, त्यात ऐकलेलं टिपावंसं वाटतं, पण आठवत नाही. यजमान म्हणतात, तुला हाक मारणं म्हणजे भिंतीला हाक मारणं. काय करू?"

ताई,

डाळीपासून सुरुवात करू, कारण बाकीचं थांबू शकतं. शिट्ट्या मोजायच्या म्हणजे मनातल्या मनात 'एक, दोन' म्हणायचं, आणि तेवढ्यात कानात कुणी बोलत असेल तर ते आकडे पुसले जातात. मोजणं आणि बोलणं ऐकणं या दोन्हींना डोक्यातली तीच जागा लागते. म्हणून शिट्ट्या मोजणं सोडा, मिनिटं लावा. एक दिवस काही न ऐकता नेहमीचा डाळ-भाताचा कुकर लावा. पहिल्या शिट्टीपासून गॅस बंद करेपर्यंत किती मिनिटं गेली ते घड्याळात बघून ओट्याजवळ लिहून ठेवा. आच, डाळीचं आणि पाण्याचं प्रमाण तेच ठेवलं तर रोज साधारण तेवढाच वेळ लागेल. पुढे पहिली शिट्टी झाली की फोनचा टायमर लावायचा. टायमर वाजला की बहुतेक फोनवर चालू असलेलं बोलणं आपोआप थांबतं किंवा मागे पडतं, त्यामुळे तो चुकत नाही. पहिली शिट्टी मात्र कानावर पडायला हवी, त्यासाठी एक कान मोकळा ठेवा.

एकाच कानात इयरफोन घालताना एक गंमत होते, ती आधीच सांगतो. काही कार्यक्रमांत एका माणसाचा आवाज डाव्या बाजूला आणि दुसऱ्याचा उजव्या बाजूला ठेवलेला असतो. एकच कान लावला की प्रश्न ऐकू येतात, उत्तरं गायब. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'त 'मोनो ऑडिओ' असतं, ते चालू करा. दोन्ही आवाज एकाच कानात येतील.

स्वयंपाकघरात लोंबत्या वायरचे इयरफोन नकोतच. वायर कढईच्या कानात, ड्रॉवरच्या मुठीत किंवा पदरात अडकते आणि गॅसपाशी ते धोक्याचं आहे. ब्लूटूथचा छोटा स्पीकर किंवा नुसता फोन जास्त बरा. फोनचा स्पीकर बहुतेक खालच्या कडेला असतो. त्याच कडेवर फोन टेकवून उभा केला की आवाज दबतो, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि तो फाटतो. फोन आडवा उभा करा, पाठीशी भिंत असू द्या आणि एक्झॉस्ट फॅनपासून जमेल तितका लांब ठेवा. रिकाम्या पातेल्यात फोन ठेवायची युक्ती सगळीकडे फिरते. त्याने आवाज मोठा होतो खरा, पण घुमतो. गाण्याला चालेल, बोलण्यातले स, श, त, क त्या घुमण्यात हरवतात.

आता त्या ३१ कार्यक्रमांकडे. मुलाने प्रेमाने दिलेत, पण हिशेब करून पाहा. प्रत्येकाचा आठवड्याला ४५ मिनिटांचा एक भाग धरला तरी ३१ गुणिले ४५ म्हणजे १,३९५ मिनिटं, सव्वातेवीस तास. तुमच्याकडे दिवसाला कागदावर तीन तास आहेत; त्यातून मिक्सर, फोन, दारावरची बेल, शेजारीण वजा करा, दीड तास उरतो. म्हणजे आठवड्याला साडेदहा तास. दर आठवड्याला बारा-तेरा तासांची थकबाकी वाढणारच होती. यात तुमचा आळस कुठेही नाही.

फोन भरण्याचं गणितही त्यातच आहे. केबीपीएस म्हणजे आवाजाच्या एका सेकंदाला किती माहिती साठवली जाते त्याचं माप. १२८ केबीपीएसच्या एमपी३ ऑडिओ फाइलला तासाला सुमारे ५८ एमबी लागतात, ६४ केबीपीएसला त्याच्या निम्मे. २१४ भाग, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे १६० तास. १२८ च्या दराने ते नऊ जीबीच्या वर जातं. ६४ जीबीच्या फोनमध्ये मुळात अँड्रॉइडची आणि व्हॉट्सॲपची गर्दी असते, त्यात हे नऊ जीबी म्हणजे माजघरात लाकडाची मोळी आणून टाकल्यासारखं.

छाटणी करण्याआधी एक काम करा, मुलाला फोनवर घेऊन केलंत तरी चालेल. पॉडकास्टच्या बऱ्याच ॲप्समध्ये 'ओपीएमएल एक्स्पोर्ट' अशी सोय असते. ओपीएमएल म्हणजे तुमच्या सगळ्या कार्यक्रमांचे पत्ते असलेली छोटीशी फाइल. ती काढून स्वतःलाच ईमेल करा. पॉडकास्टमागची व्यवस्था अशी असते: प्रत्येक कार्यक्रमाची एक 'आरएसएस फीड' असते, म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली एक यादी, जिच्यात प्रत्येक भागाचं नाव, तारीख आणि ऑडिओ फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. ॲप फक्त ती यादी अधूनमधून उघडून बघतं. त्यामुळे ॲप बदललं तरी कार्यक्रम तुमचेच राहतात, पत्ते जवळ असले की झालं. २०२४ मध्ये गुगलने आपलं पॉडकास्टचं ॲप बंद केलं, तेव्हा ज्यांनी यादी बाहेर काढून घेतली त्यांना दुसरीकडे जाणं सोपं गेलं. फाइल हाती आली की हात राखून कापू नका, हवं ते पुन्हा जोडता येतं.

सध्याचं ॲप कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यात गोंधळ वाटत असेल तर अँटेनापॉड घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि तीच ओपीएमएल फाइल त्यात घालता येते. पॉकेट कास्ट्सही चांगलं आहे, पण तुमच्या गरजेला अँटेनापॉड पुरेसं आहे. पुढचे बदल बहुतेक ॲप्समध्ये करता येतील, नावं थोडी इकडेतिकडे असतील. आपोआप डाउनलोड सगळ्यांसाठी बंद करा. मग ज्या एक-दोन कार्यक्रमांचा प्रत्येक भाग तुम्ही नक्की ऐकता, तेवढ्यांपुरतंच चालू करा. साठ्याची मर्यादा पाच भाग ठेवा. ऐकून झालेला भाग आपोआप पुसला जाईल अशी खूण करा. डाउनलोड फक्त वायफायवर. रात्री डाउनलोड लावून ठेवलं आणि सकाळी अर्ध्यात अडकलेलं दिसलं, तर दोष बहुधा फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सोयीचा असतो. पडद्यामागे काम करणारी ॲप्स ती बंद करते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये या ॲपला मोकळीक द्या.

आणि २१४ चा तो आकडा? सगळे 'ऐकले' म्हणून खूण करून टाका. वर्तमानपत्राची रद्दी कुणी पहिल्या पानापासून वाचत बसत नाही.

कार्यक्रम किती ठेवायचे? पाच. पण ते विषयावरून निवडू नका, हातातल्या कामावरून निवडा. इथेच बहुतेकांचं चुकतं. आवडता विषय म्हणून एखादा घट्ट विणलेला, नावं-सनावळ्यांनी भरलेला इतिहासाचा भाग लावायचा, नेमकी त्याच वेळी फोडणी द्यायची, आणि मग 'माझं लक्षच लागत नाही' म्हणून स्वतःला बोल लावायचा. पोळ्या लाटताना हात आपले आपण चालतात, डोकं रिकामं असतं. वीस पोळ्यांना जो अर्धा तास लागतो, तो कथा किंवा लांब मुलाखत ऐकायला उत्तम. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, लसूण सोलणं तसंच. फोडणी, तळण आणि मिक्सर ही पॉज करायची कामं. नव्या पाककृतीचं प्रमाण वाचत असाल तरीही पॉज करा. वाचणं आणि ऐकणं दोन्हीकडे शब्दच असतात, एक काहीतरी सांडतं.

गोधडीचंही असंच आहे. धावदोरा सुरू झाला की तासभर काहीही ऐका, तिथे कान पूर्ण मोकळे असतात. पण तुकडे मांडताना, कुठला रंग कुणाशेजारी जाईल ते ठरवताना, कापड बेतताना बोलणं लावू नका. लावायचंच तर वाद्यसंगीत लावा. गोधडीबरोबर क्रोशाही करत असाल तर टाके मोजण्याच्या ओळीला शिट्ट्यांचाच नियम लागतो.

फिरताना ३० ते ३५ मिनिटांचा, घरी डाउनलोड केलेला भाग निवडा, म्हणजे मध्येच नेटवर्क गेलं तरी अडत नाही. रस्त्याकडचा कान मोकळा ठेवा. आवाज बाहेरच्या गोंगाटावर मात करेल इतका वाढवायचा मोह होतो, तो टाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. बहुतेक फोनवर डेसिबल दिसत नाहीत, म्हणून व्हॉल्यूम ६० टक्क्यांच्या खाली ठेवणं हा सोपा उपाय. तेवढ्यात ऐकू येत नसेल तर इयरफोनची रबरी टोपी मापाची नाही. बरोबर येणारे तीन आकार बदलून पाहा. सैल टोपीतून आवाज गळतो आणि आपण उगाच बटण दाबत राहतो.

वेगाबद्दल मुलाचं ऐकू नका. दीडपट वेगाने ४५ मिनिटांचा भाग ३० मिनिटांत संपतो हे खरं, पण तुमच्यापुढे परीक्षा नाही. साध्या वेगाने सुरू करा. गप्पांच्या कार्यक्रमात माणसं रेंगाळत बोलतात, तिथे १.१, मग आठवड्याने १.२ करून बघा. ४५ मिनिटांची साडेसदतीस होतात आणि काही निसटत नाही. कथा, अभिवाचन, कीर्तन, नभोनाट्य मात्र १ वरच. बऱ्याच ॲप्समध्ये शांतता गाळून टाकायची सोय असते, तीही अशा वेळी बंद ठेवा. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकलेल्या कानाला वेगळं सांगायला नको, संवादाआधीचा तो थांबा लिहिणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो.

रात्रीचं कारण साधं आहे. ॲपमध्ये 'एकामागून एक' वाजवायची सोय चालू असते, म्हणून एक भाग संपला की रांगेतला पुढचा सुरू होतो. ती बंद करा आणि झोपेचा टायमर २० मिनिटांवर लावा. अँटेनापॉडमध्ये फोन हलवला की टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची सोय आहे, ती चालू केली की अंधारात बटण शोधावं लागत नाही. झोपताना नवा भाग लावू नका, आधी ऐकलेला लावा. नवा असेल तर एक तर झोप उडते, नाहीतर भाग वाया जातो. इयरफोन घालून झोपू नका आणि फोन उशीखाली ठेवू नका, तो तापतो. बाजूच्या स्टुलावर बारीक आवाजात पुरे.

आता शोधण्याविषयी जरा सविस्तर, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. 'मराठी पॉडकास्ट' असं टाकलं की यशाचे मंत्र वर येतात, कारण ॲपमधला शोध बहुतांशी कार्यक्रमाचं नाव आणि वर्णन बघतो, आत काय बोललं गेलं ते नाही. नाव ठेवणाऱ्याला हे ठाऊक असतं. देवगडच्या आंब्याबद्दल तासभर छान बोललेला भाग 'गप्पा - भाग १७' अशा नावाखाली पडून राहतो. त्यावर तीन उपाय आहेत.

पहिला, दोन्ही लिपींत शोधा. मराठी कार्यक्रमांची नावं रोमन लिपीत लिहायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. 'गोष्ट' या एका शब्दाच्या शेवटी कुणी 'ए' लावतं, कुणी लावत नाही, कुणी मध्ये 'एच' वाढवतं. तिन्ही टाकून बघा.

दुसरा आणि सगळ्यात फळणारा: विषयाऐवजी माणूस शोधा. वनस्पतींवर, खाद्यसंस्कृतीवर किंवा मुंबईच्या इतिहासावर लिहिणाऱ्या ज्या लेखकांना तुम्ही पुरवण्यांमध्ये वाचता, त्यांची नावं टाका, आणि कार्यक्रमांत नाही, 'भागां'मध्ये शोधा. ॲपमध्ये ती सोय नसेल तर ब्राउझरवर 'लिसन नोट्स' नावाचं पॉडकास्टचं शोधयंत्र आहे, ते भागांची नावं आणि वर्णनं धुंडाळतं. एक चांगला पाहुणा सापडला की तो आणखी कुठे कुठे बोलला ते बघायचं. असं करत गेलात की दोन-तीन चांगले सूत्रसंचालक आपोआप हाती लागतात, आणि कार्यक्रम टिकतो तो बहुधा सूत्रसंचालकामुळे.

तिसरा, बंद पडलेल्या कार्यक्रमांना नाकारू नका. हौसेने सुरू झालेले कितीतरी पॉडकास्ट दहा-बारा भागांत थांबतात. बातम्यांचा कार्यक्रम जुना झाला की शिळा. पण वरण किंवा वाडा २०१९ मध्ये जसा होता तसाच आहे. उलट बंद पडलेल्या कार्यक्रमाची थकबाकी वाढत नाही, तुम्हाला ते सोयीचंच.

कार्यक्रम सापडला की लगेच सबस्क्राइब करू नका. बहुतेक ॲप्समध्ये त्याशिवायही भाग ऐकता येतो. पहिला भाग नको, तिथे सूत्रसंचालक स्वतःचीच ओळख करून देत असतो, ताजाही नको. मधला एक निवडा आणि तिसऱ्या मिनिटापासून पाच मिनिटं ऐका. दोघं एकमेकांचं बोलणं पूर्ण होऊ देतात का? खोलीत आवाज घुमतोय का? पाहुण्याला 'प्रवास सांगा' एवढंच विचारलं जातंय का? शेवटच्याचं उत्तर 'हो' आलं तर तुम्ही ज्यातून पळताय तेच पुन्हा आहे.

सुरुवातीसाठी बीबीसी मराठीचं 'सोपी गोष्ट' ठेवा; एक विषय थोडक्यात समजावतात, भाजी चिरता चिरता होतं. लांब गप्पांसाठी 'अमुक तमुक' ऐकून पाहा. यातले आणि इतर बरेच मराठी कार्यक्रम यूट्यूबवर चित्रासकट असतात. तिथे ऐकायला हरकत नाही, पण पैसे न भरता यूट्यूबवर पडदा बंद केला की आवाज थांबतो आणि चित्रामुळे डेटा कितीतरी पट जास्त जातो. आधी तेच नाव पॉडकास्टच्या ॲपमध्ये शोधा. झाडांसाठी इंग्रजीकडे वळाल तर एक सावधगिरी: बागकामाचे गाजलेले कार्यक्रम थंड देशांतले आहेत. बीबीसीचं 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम' १९४७ पासून चालू आहे, ऐकायला बहारदार; पण त्यांचं पेरणीचं वेळापत्रक हिमावर चालतं, मिरजेचं पावसावर. छाटणी, कलमं, मातीची पोत याबद्दल घ्या, महिने घेऊ नका.

वहीचं सोपं आहे. सगळा भाग आठवून लिहायला गेलात की दोन दिवसांत कंटाळाल. तीन ओळी पुरेत: कार्यक्रम आणि भागाचं नाव, मिनिट आणि सेकंद, त्यातली एकच गोष्ट, शक्यतो करून बघण्याजोगी. 'लसणाची पात, १८:४०' एवढं लिहिलं तरी महिन्याने तिथे पोचता येतं. हात पिठाचे असताना लिहिता येणार नाही, म्हणून पॉज करून ॲपमध्ये दिसणारा मिनिट-सेकंदाचा आकडा नुसता मोठ्याने म्हणा; दोनदा उच्चारलेला आकडा हात धुवेपर्यंत टिकतो. घरगुती औषधं, उपास, पथ्य याबद्दल ऐकलेलं मात्र वहीत वेगळ्या खुणेने लिहा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. माइकपुढे माणूस ठाम बोलतो, म्हणून तो बरोबरच असतो असं नाही.

राहिले यजमान. त्यांची तक्रार रास्त आहे, आणि ती बहुधा आवाज दाबणाऱ्या इयरफोनमुळे आहे. तुमच्या इयरफोनला 'नॉइज कॅन्सलेशन' असेल तर घरात ते बंद ठेवा. मग संध्याकाळी भाजी निवडायला बसताना स्पीकरवर दोघांना चालेल असा वीस मिनिटांचा भाग लावा आणि पॉजचं बटण त्यांच्या हातात द्या. त्यांना मध्येच काही सांगायचं असेल तर ते दाबतील. सुरुवातीला जरा जास्तच दाबतील.